वार एक की दोन? जुळ्यांच्या वाढीतला आणि पाण्यातला फरक कसा सांभाळावा

सोनोग्राफीत दोन ठोके दिसले की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, जुळी सारखी दिसतील का? डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न मात्र वेगळा आहे: दोघांची वार (प्लॅसेंटा) एक आहे की दोन? तपासणी किती दिवसांनी, कशावर लक्ष ठेवायचं, बाळंतपण कितव्या आठवड्यात, हे सगळं या उत्तरावर ठरतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या पहिल्या रिपोर्टवर 'जुळी गर्भधारणा, दोन्ही ठोके व्यवस्थित' एवढंच होतं. वारेबद्दल एक शब्द नव्हता आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. तो शब्द किती महत्त्वाचा होता, ते विसाव्या आठवड्यात कळलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

१. वार किती आहेत, ते चौदाव्या आठवड्याच्या आत लिहून घ्या

अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीत हे सर्वांत नीट दिसतं. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे टेकतो, तिथे वारेचा मांसल भाग पाचरीसारखा पडद्यात शिरलेला दिसला तर वारा दोन. याला लॅम्डा खूण म्हणतात. पडदा पातळ असेल आणि वारेवर सरळ काटकोनात टेकत असेल, तर ती 'टी' खूण, म्हणजे वार एक. पुढे पडदे पातळ होत जातात आणि खूण ओळखणं अवघड होतं. शिवाय दोन वारा शेजारी शेजारी रुजून एकच असल्यासारख्या दिसू शकतात, म्हणून नुसत्या नजरेच्या अंदाजावर भागत नाही.

रिपोर्टवर 'डायकोरिऑनिक' असेल तर वारा दोन, 'मोनोकोरिऑनिक' असेल तर एक. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर खोलीतून बाहेर पडायच्या आधी विचारा. शंका असेल तर दुसऱ्या अनुभवी डॉक्टरांकडून त्याच आठवड्यात पुन्हा पाहून घ्या. तरीही नक्की होत नसेल, तर वार एकच आहे असं धरून तपासण्या करणं सुरक्षित.

२. तारखा आधीच ठरवून टाका

दोन वारा असतील तर विसाव्या आठवड्यानंतर साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी होते. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी. दोन्ही बाळं एकाच पिशवीत असतील, तर नाळा एकमेकींत अडकण्याचा धोका असतो आणि देखरेख याहूनही जवळून लागते. पंधरवड्याची तारीख प्रवास, कार्यक्रम, सुट्टी कशासाठीही पुढे ढकलू नका. वार एक असताना पाण्याचं गणित दोन आठवड्यांत पार बदलू शकतं.

३. एक वही करा

प्रत्येक पानावर दोन रकाने आखा, प्रत्येक बाळाचा एक. वर 'पहिलं' आणि 'दुसरं' असं न लिहिता जागा लिहा: डावीकडचं, उजवीकडचं, किंवा वरचं, खालचं. नाहीतर एका तपासणीतलं 'ए' पुढच्या तपासणीत 'बी' होतं आणि सगळी तुलना फसते. जागा तीच धरली आहे ना, हे दर वेळी विचारून घ्या.

रकान्यात लिहायचं ते इतकं: अंदाजे वजन, पाण्याची खोली, मूत्राशय दिसलं की नाही, नाळेच्या डॉप्लरचा (रक्त कसं वाहतंय ते पाहणाऱ्या सोनोग्राफीचा) निष्कर्ष. वार एक असेल तर विसाव्या आठवड्याच्या पुढे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला रक्ताचा वेगही (रिपोर्टवर 'एमसीए').

पाणी मोजतात ते प्रत्येक पिशवीतल्या सर्वांत खोल जागी, उभ्या रेषेत. रिपोर्टवर ते 'डीव्हीपी' किंवा 'एसडीपी' या नावाने येतं. २ ते ८ सेंटिमीटर ही सर्वसाधारण मर्यादा. विसाव्या आठवड्यानंतर काही ठिकाणी वरची मर्यादा १० धरतात.

वजनातला फरक घरी काढता येतो. मोठ्याच्या वजनातून लहानाचं वजा करा, आलेल्या आकड्याला मोठ्याच्या वजनाने भागा आणि शंभराने गुणा. समजा एक ६८० ग्रॅम आणि दुसरं ५१० ग्रॅम. फरक १७०, म्हणजे २५ टक्के. वीस टक्क्यांच्या पुढे गेलं की तपासण्या वाढवायच्या, पंचवीसला पोचलं की फीटल मेडिसिनच्या (पोटातल्या बाळांच्या आजारांच्या) तज्ज्ञांकडे जायचं, असा साधारण दंडक आहे. पण एक लक्षात घ्या, सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो. त्यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतं. म्हणून एका आकड्याने घाबरू नका. वाढीची खरी तुलना किमान दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या मापांतच होते. दोन दिवसांत दुसरीकडे जाऊन पुन्हा वजन काढून घेतलं तर हाती फक्त गोंधळ येतो. पाणी आणि डॉप्लर मात्र लगेच पुन्हा पाहण्यात अर्थ असतो.

४. आकडे बिघडले तर नेमकं काय घडतंय ते समजून घ्या

वार एक असली की दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देवाणघेवाण बरोबरीची राहते. साधारण दर शंभरांतल्या दहा ते पंधरा जणींमध्ये ती एकतर्फी होते. एक बाळ रक्त देत राहतं, दुसरं घेत राहतं. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून गर्भातलं पाणी म्हणजे मुख्यतः बाळांची लघवी. देणाऱ्याचं रक्त कमी, म्हणून लघवी कमी आणि पाणी कमी. घेणाऱ्याच्या हृदयावर जादा रक्ताचा भार, लघवी जास्त आणि पाणी भरमसाट. हे टीटीटीएस (ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्यूजन सिंड्रोम). निदानासाठी दोन्ही बाजू बिघडलेल्या लागतात, एकीकडे पाणी २ सेंटिमीटरच्या खाली आणि दुसरीकडे वरच्या मर्यादेच्या पुढे.

विसाव्या आठवड्यात बहिणीच्या सोनोग्राफीला मी शेजारी बसले होते. पडद्यावर एक बाळ काळ्याभोर पाण्यात हातपाय मारत होतं. दुसरं गर्भाशयाच्या भिंतीला टेकलेलं होतं. बहिणीने कूस बदलली तरी ते जागचं हलेना. दोघांमधला पडदा त्याच्या अंगावर ओल्या कापडासारखा लपेटलेला होता, इतका घट्ट की पडदा वेगळा दिसतच नव्हता. वरवर पाहणाऱ्याला दोघं एकाच पिशवीत आहेत असंच वाटलं असतं. डॉक्टरांनी लहानाच्या पोटावर बराच वेळ प्रोब धरून ठेवला. त्या मूत्राशयाचा काळा ठिपका शोधत होत्या. तो दिसलाच नाही. एका बाजूला पाणी ११ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला १.

एकाचीच वाढ मागे पडणं हा वेगळा प्रकार. इथे वारेची वाटणी असमान असते, एकाच्या वाट्याला छोटा तुकडा येतो. लहानाचं पाणी कमी असू शकतं, पण मोठ्याचं पाणी नेहमीसारखंच असतं. टीटीटीएसपासून हा प्रकार वेगळा ओळखायची खूण हीच, आणि वहीतले दोन रकाने शेजारी ठेवले की ती तुम्हालाही दिसते. कधीकधी दोन्ही एकत्रही असतात.

तिसरा प्रकार चोरपावलांनी येतो. अगदी बारीक वाहिन्यांतून रक्त हळूहळू एकीकडे जात राहतं, दोघांचं पाणी सारखंच राहतं, पण एक बाळ फिकं पडत जातं आणि दुसऱ्याचं रक्त दाट होतं. याला टॅप्स म्हणतात. पाणी पाहून तो कळत नाही, मेंदूच्या वाहिनीच्या डॉप्लरवरूनच कळतो. म्हणून त्या आकड्याला वहीत जागा ठेवायची.

दोन वारा असतील तर यातलं रक्ताचं देणंघेणं सहसा होतच नाही. वाढ मात्र तिथेही मागे पडू शकते.

५. पुढच्या तारखेची वाट कधी पाहायची नाही

चार-सहा दिवसांत पोट एकदम वाढलं, कातडी ताणून चकाकायला लागली, आडवं झाल्यावर श्वास पुरेना, तर त्याच दिवशी दाखवा. बहिणीला हे होत होतं आणि आम्ही 'जुळी आहेत, पोट मोठं असणारच' म्हणत बसलो. वार एक असताना हे वाक्य कुणाला म्हणू देऊ नका.

कळा येणं, पाणी जाणं, रक्त दिसणं, हालचाल मंदावणं यांसाठी रात्र असली तरी निघायचं. डोकं सारखं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं या रक्तदाबाच्या खुणा असतात, आणि जुळ्यांत रक्तदाबाचा त्रास अधिक होतो.

६. मोठ्या केंद्रात जाताना

टीटीटीएसच्या पायऱ्या १९९९ साली डॉक्टर क्विंटेरो यांनी मांडल्या, त्याच आजही वापरतात. पहिलीत फक्त पाण्यात फरक. दुसरीत देणाऱ्याचं मूत्राशय दिसत नाही. तिसरीत डॉप्लर गंभीर बिघडलेला. चौथीत बाळाच्या अंगात पाणी साठलेलं. पाचवीत एक बाळ गेलेलं. पायऱ्या दर वेळी क्रमानेच चढतात असं नाही. पहिलीवरून थेट तिसरीवर उडी जाऊ शकते.

पहिल्या पायरीवर, आईला त्रास नसेल, तर जवळून लक्ष ठेवत थांबणं चालतं. दुसरीपासून पुढे साधारण सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या दरम्यान लेझर हा मुख्य उपचार. पोटातून काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण गर्भाशयात घालून वारेवरच्या जोडवाहिन्या बंद करतात आणि त्याच वेळी जादा पाणी काढून घेतात. सुईने नुसतं पाणी काढलं तर आईला हलकं वाटतं, पण वाहिन्या उघड्याच राहतात. युरोपातल्या चाचणीत लेझर सरस ठरलं, तो निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. आता बऱ्याच ठिकाणी सुटे बिंदू बंद करून झाल्यावर ते रेषेने जोडतात. याला सोलोमन पद्धत म्हणतात. तिने टॅप्स आणि आजार उलटण्याचं प्रमाण घटतं.

हे विचारा: आज कोणती पायरी आहे? तुमच्याकडे लेझर होतं का, नसेल तर आजच कुठे पाठवाल? इथल्या अनुभवात दोन्ही बाळं किती वेळा वाचतात आणि किमान एक किती वेळा? पाणी लवकर जाण्याचा धोका किती? नंतर तपासणी किती दिवसांनी? उत्तरं ऐकताना सोबत दुसरं माणूस हवंच. आईच्या कानांवरून त्या वेळी निम्मं जातं. वही मी धरली होती म्हणून आमच्याकडे ती उत्तरं राहिली.

वाढीतल्या फरकात नाळेचा डॉप्लर सर्वांत बोलका. प्रत्येक ठोक्याच्या शेवटीही रक्त पुढे वाहतंय, तर चित्र सहसा बरं. ते सतत थांबलेलं किंवा उलटं वाहतंय, तर काळजी मोठी. कधी आहे, कधी नाही असं असेल तर अंदाज बांधणं सर्वांत कठीण. एक वार असताना लहान बाळ पोटात गेलं, तर दुसऱ्याचं रक्त अचानक तिकडे ओढलं जाऊन त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून 'लहानाचं राहू दे, मोठं सुखरूप आहे' असा हिशेब तिथे मांडता येत नाही. दोन वारा असतील तर उलट प्रश्न: लहानासाठी लवकर बाळंतपण केलं तर धडधाकट बाळही अपुऱ्या दिवसांचं जन्माला येतं. याला एकच बरोबर उत्तर नाही. डॉक्टरांशी बसून आठवडा-आठवडा तोलून ठरवायचं.

७. ज्याने काही होत नाही ते सोडून द्या

जास्त पाणी प्यायल्याने कोरड्या पिशवीत पाणी भरत नाही. दुप्पट खाल्ल्याने घास लहानापर्यंत पोचत नाही, कारण अडचण वारेत आहे, ताटात नाही. महिनोन्महिने अंथरुणाला खिळून राहण्यानेही हा आजार थांबत नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. आणि ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाने ऐकावी: जिना चढल्यामुळे, नोकरी केल्यामुळे, काही चुकीचं खाल्ल्यामुळे हे झालेलं नाही. वारेतल्या वाहिन्या कशा जोडल्या जाव्यात, हे कुठल्याही आईच्या हातात नसतं. बहीण रोज रात्री मागचे महिने उकरून काढायची. तिला हे दहा वेळा सांगावं लागलं आणि मी दहा वेळा सांगितलं.

एक बाळ गेलं तर 'एक तरी आहे ना' असं कुणी म्हणू नये. ते दुःख पूर्ण असतं. राहिलेल्या बाळाच्या मेंदूची तपासणी काही आठवड्यांनी होते, त्या तारखेला तिच्यासोबत जा.

८. बाळंतपणाची तयारी लवकर करा

सगळं सुरळीत असेल तर एक वार, दोन पिशव्यांत साधारण छत्तिसावा आठवडा, दोन वारांत सदतिसावा, एका पिशवीत बत्तीस ते चौतीस. गुंतागुंत असेल तर याच्याही आधी. त्यामुळे अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत दोन पेट्या मिळतील अशी नवजात अतिदक्षता सोय असलेलं ठिकाण पक्कं करा, एनआयसीयू आधी पाहून या. लवकर बाळंतपण होणार असं दिसलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याने बाळांच्या फुफ्फुसांना बळ येतं. ती कधी देणार, हे आधीच विचारून ठेवा.

जन्मल्यावर दोघांचं हिमोग्लोबिन तपासायला सांगा आणि वार तपासणीसाठी ठेवायला सांगा. वही बालरोगतज्ज्ञांच्या हाती द्या. आमच्या वहीचं शेवटचं पान तेहतिसाव्या आठवड्याचं आहे. डावीकडच्या रकान्यात १९२० ग्रॅम, उजवीकडच्यात १४६०. त्याखाली मी दोघांच्या कानांच्या, डोळ्यांच्या आणि विकासाच्या तपासण्यांच्या तारखा लिहिल्या आहेत, दोन वर्षं पुरतील इतक्या.