एस-थ्रीला येतं, पण आपल्या बोटोकोअरला ठाऊक नाही: सर्व्हिस मॉडेल बदलण्याची माझी पद्धत

उसाची ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं, पावती छापली जाते आणि त्याच पावतीची पीडीएफ आमच्या पायथन सर्व्हिसमार्फत एस-थ्री या एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) फाईली साठवायच्या सेवेच्या मुंबई रीजनमध्ये जाऊन पडते. साखर कारखान्यांसाठीचं हे सॉफ्टवेअर मी आणि माझी टीम पुण्यातून सांभाळतो. गळीत हंगामात काटा रात्रभर चालतो. मधेच नेट जातं, परत येतं आणि अडकलेली अपलोडं एकदम सुटतात. अशा वेळी एकाच पावती क्रमांकावर दोन वर्कर लिहायला गेले, तर मागून आलेला आधीच्याला पुसून टाकतो. ती शेतकऱ्याच्या वजनाची पावती आहे. तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं, तर पैशाचा हिशेब कशावर करायचा?

ऑगस्ट २०२४ मध्ये एस-थ्रीने यावर नेमकी सोय दिली. पुट-ऑब्जेक्ट (फाईल चढवायची विनंती) करताना इफ-नन-मॅच या हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळीत, ताऱ्याचं चिन्ह पाठवायचं. त्या नावाची वस्तू बकेटमध्ये (एस-थ्रीवरच्या आपल्या साठवणीत) आधीच असेल, तर एस-थ्री ४१२ हा उत्तराचा कोड देऊन लिहायला नकार देतं. मला हवं होतं ते हेच. ऑक्टोबरात, हंगाम तोंडावर असताना, मी कोडमध्ये तो पॅरामीटर घातला आणि चालवून पाहिलं. विनंती एस-थ्रीपर्यंत गेलीच नाही. पायथननेच दारात अडवलं: पॅराम-व्हॅलिडेशन-एरर, अनोळखी पॅरामीटर इफ-नन-मॅच, आणि त्याखाली चालतील त्या पॅरामीटरांची भलीमोठी यादी.

ही एरर दिसली की आधी एवढं ओळखा: एडब्ल्यूएसने तुम्हाला नाही म्हटलेलं नाही, तुमच्या मशीनवरच्या एका फाईलने म्हटलंय.

बोटो-थ्री ही पायथनमधून एडब्ल्यूएसशी बोलायची लायब्ररी. तिच्यातला एस-थ्रीचा क्लायंट कुणी हाताने लिहिलेला नसतो. त्याच्या पोटात बोटोकोअर ही पायाभूत लायब्ररी असते, बोटोकोअरच्या डेटा फोल्डरमध्ये प्रत्येक सेवेचं एक फोल्डर असतं, आणि त्यात तारखेच्या नावाचं आणखी एक. एस-थ्रीची तारीख २००६-०३-०१, डायनॅमो-डीबीची २०१२-०८-१०. त्या तारखेच्या फोल्डरमधली सर्व्हिस-२.जेसन ही फाईल म्हणजे सेवेची व्याख्या, म्हणजेच सर्व्हिस मॉडेल: कोणती ऑपरेशन्स आहेत, प्रत्येकाला काय द्यायचं, काय परत येतं. शेजारी पेजिनेटर (लांब याद्या पानापानाने आणणारा), वेटर (काम होईपर्यंत थांबणारा) आणि एंडपॉइंटच्या (सेवेच्या पत्त्याच्या) नियमांच्या फाईली असतात. तुम्ही क्लायंट मागता तेव्हा बोटोकोअर ही व्याख्या वाचतं आणि तिच्यावरून मेथड त्या क्षणी तयार करतं. फाईलमध्ये नाही ते पायथनच्या लेखी अस्तित्वातच नाही. गो किंवा रस्ट या भाषांच्या एसडीकेमध्ये (एडब्ल्यूएसच्या लायब्ररीत) व्याख्येवरून कोड आधीच तयार करून ठेवलेला असतो, त्यामुळे ही फाईल बदलायची खालची युक्ती तिथे चालत नाही.

तारखेच्या नावाला फसू नका. २००६-०३-०१ हे नाव वर्षानुवर्षं तेच आहे, आतली फाईल मात्र सतत बदलते. तुमची व्याख्या किती जुनी आहे हे फोल्डरवरून कळत नाही, बोटोकोअरच्या आवृत्तीवरून कळतं.

सरळ रस्ता आधी

बोटो-थ्री अपग्रेड होत असेल तर करा, आणि खालचं सगळं विसरा. नवी आवृत्ती जवळजवळ रोज येते आणि बहुतेक आवृत्त्यांमध्ये या व्याख्यांचेच बदल असतात.

आमचं तसं होत नव्हतं. आमची सर्व्हिस असिंक (उत्तराची वाट बघत न अडकता अनेक कामं करणारी) आहे, म्हणून एआयओ-बोटोकोअर ही बोटोकोअरवरची असिंक लायब्ररी वापरतो. त्याला बोटोकोअरच्या आवृत्त्यांची फार अरुंद पट्टी चालते. त्याला हलवायचं तर त्याच्यावर उभी असलेली आणखी दोन पॅकेजं हलवायची, आणि हंगामाला दोन आठवडे असताना ते करायची माझी हिंमत नव्हती. एडब्ल्यूएस सीएलआयची (कमांड लाइनवरच्या साधनाची) पहिली आवृत्ती त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये असेल तरी असंच अडकायला होतं, कारण ती बोटोकोअरचा एकच नेमका क्रमांक मागते. अशा अडचणीत फक्त व्याख्या नवी आणता येते.

नवी फाईल कुठून आणायची

बोटोकोअरच्या बदलांच्या नोंदी उघडा आणि तुमच्या सेवेच्या नावापुढे हवा तो बदल पहिल्यांदा कुठल्या आवृत्तीत आला ते शोधा. तीच आवृत्ती घ्या, आजची सर्वांत ताजी नको. जितकं लांब जाल तितके तुम्हाला नको असलेले बदल त्या फाईलबरोबर येतील.

पिप डाउनलोड वापरून, डिपेंडन्सी वगळून, तेवढं व्हील एका रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवा. इन्स्टॉल करू नका. व्हील म्हणजे झिपच असतं, सोडवा आणि डेटा फोल्डरमधून तुमच्या सेवेची फाईल काढा. अलीकडच्या व्हीलमध्ये ती जीझिप केलेली मिळते. जुन्या बोटोकोअरला जीझिप वाचता येत नाही, तेव्हा ती सोडवून साधी जेसन करून ठेवा.

आता जुनी आणि नवी शेजारी ठेवून बघा. ही पायरी गाळू नका. दोन्ही फाईली जेक्यू या जेसनच्या साधनातून किल्ल्या क्रमाने लावून घ्या आणि मग डिफ (दोन्हींतला फरक) काढा, नाहीतर नुसत्या जागा बदलल्याचे शेकडो फरक दिसतील. मला हवी ती नोंद पुट-ऑब्जेक्ट-रिक्वेस्ट या शेपच्या (विनंतीच्या आराखड्याच्या) मेंबर्समध्ये सापडली. तिच्यात कामाच्या गोष्टी तीनच: शेप, लोकेशन म्हणजे हेडर, आणि लोकेशन-नेम, म्हणजे विनंतीत प्रत्यक्ष जाणारं डॅशवालं नाव. एवढ्या चार ओळी फाईलमध्ये नव्हत्या म्हणून आमचं काम अडलं होतं.

डिफमध्ये मी दोन ठिकाणी थांबून बघते. पहिलं, प्रत्येक शेपची रिक्वायर्ड यादी. त्यात एखादं नाव वाढलं असेल, तर तुमचा आजवर चालणारा कॉल बोटोकोअर उद्यापासून मशीनवरच अडवेल. एनमच्या (ठरावीक किमतींच्या) यादीत भर पडली तर एवढी काळजी नको, एनमची किंमत बोटोकोअर तपासत नाही, जशीच्या तशी पुढे पाठवतं.

दुसरं, वरच्या मेटाडेटामधला प्रोटोकॉल. एस-थ्रीचा रेस्ट-एक्सएमएल आहे. तो बदललेला दिसला तर हात मागे घ्या. एसक्यूएस या एडब्ल्यूएसच्या संदेशांच्या रांगेच्या सेवेचं उदाहरण सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या व्याख्येत क्वेरी जाऊन जेसन आलं. मेथडची नावं तीच राहिली, पण विनंतीचा घाटच बदलला. टेस्टसाठी लोकल सिम्युलेटर वापरणाऱ्यांच्या टेस्ट पडायला लागल्या, कारण त्या सिम्युलेटरांना फक्त जुनी भाषा कळत होती. तुमच्या बोटोकोअरला नवा प्रोटोकॉल माहीतच नसेल, तर व्याख्या बदलून काहीही साधणार नाही.

ठेवायची कुठे

बोटोकोअर व्याख्या शोधताना तीन जागा याच क्रमाने बघतं: एडब्ल्यूएस-डेटा-पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधली फोल्डरं, मग होम फोल्डरमधल्या डॉट-एडब्ल्यूएसच्या आतलं मॉडेल्स, आणि शेवटी स्वतःबरोबर आलेलं डेटा फोल्डर. जी फाईल आधी सापडेल ती घेतं.

साइट-पॅकेजेसमध्ये (पॅकेजं इन्स्टॉल होतात त्या फोल्डरमध्ये) शिरून मूळ फाईलच बदलायचा मोह होईल. करू नका. पुढचं पिप इन्स्टॉल ती पुसेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. होम फोल्डरची जागा लॅपटॉपवर सोयीची आहे, पण कंटेनरमध्ये प्रोसेस भलत्याच युजरने चालते आणि होम वेगळं निघतं. म्हणून मी मॉडेल्स नावाचं फोल्डर रेपोमध्येच ठेवलं आणि डॉकरफाईलमध्ये एडब्ल्यूएस-डेटा-पाथ त्याच्याकडे वळवला. फाईल गिटमध्ये राहते, कोणी कधी आणली ते दिसतं.

आतली रचना मूळसारखीच हवी: मॉडेल्स, त्यात एस-थ्री, त्यात २००६-०३-०१, त्यात सर्व्हिस-२.जेसन. फोल्डरच्या नावात मूळच्यापेक्षा जुनी तारीख टाकलीत, तर बोटोकोअर सर्वांत नवी तारीख निवडतं आणि तुमच्या फाईलकडे ढुंकूनही बघत नाही.

मी फक्त सर्व्हिस-२ आणली. शोध प्रत्येक फाईलसाठी स्वतंत्र होतो, त्यामुळे पेजिनेटर, वेटर, एंडपॉइंटचे नियम मूळ जागेवरूनच येतात. एखादा पॅरामीटर हवा असेल तर एवढंच पुरे. सेवाच नवी असेल तर मात्र अख्खं फोल्डर आणा.

खरंच वाचली का

नेटवर्कला हात न लावता तपासता येतं. क्लायंट बनवा, त्याच्या मेटामधून सर्व्हिस-मॉडेल घ्या, पुट-ऑब्जेक्टचं ऑपरेशन-मॉडेल मागा आणि त्याच्या इनपुट-शेपच्या मेंबर्समध्ये इफ-नन-मॅच आहे का ते बघा. ही तपासणी आम्ही टेस्टमध्ये कायमची घातली आहे. आधीपासून चालू असलेल्या नोटबुकमध्ये बघत असाल, तर कर्नल नव्याने सुरू करा. एकदा वाचलेली व्याख्या सेशन धरून ठेवतं.

दुसरी तपासणी लॉगची. बोटोकोअरचं डिबग लॉगिंग चालू केलंत की क्लायंट बनताना ‘लोडिंग जेसन फाईल’ अशा ओळी येतात आणि प्रत्येकीपुढे पूर्ण पाथ असतो. सर्व्हिस-२ च्या ओळीत तुमच्या फोल्डरचा पाथ दिसला की काम झालं.

मग खऱ्या बकेटवर एकच नाव दोनदा लिहून बघा. पहिल्यांदा २००, दुसऱ्यांदा ४१२. आम्ही ४१२ हे अपयश मानत नाही: पावती आधीच सुरक्षित पोचली आहे, असं धरून वर्कर पुढे जातो. ४०९ सुद्धा येऊ शकतो, त्या नावावर त्याच क्षणी दुसरी हालचाल चालू असेल तर. त्याला मात्र पुन्हा प्रयत्न करायचा. हंगाम सुरू होण्याआधी आम्ही नेट मुद्दाम तोडून, जोडून हे सगळं पाहिलं.

काढायचं कधी

इथे आमची चूक झाली, म्हणून सविस्तर सांगते.

हंगाम संपल्यावर, २०२५ च्या उन्हाळ्यात, आम्ही एआयओ-बोटोकोअर आणि बोटोकोअर दोन्ही वर आणलं. बोटो-थ्रीच्या १.३६ पासून एस-थ्रीला अपलोड करताना चेकसम (मजकूर वाटेत बिघडला नाही ना, हे तपासायचा आकडा) आपोआप लागतो, आणि एका कारखान्यात आम्ही वापरत होतो त्या एस-थ्रीसारख्या स्टोअरेजला तो पचेना. तिथे रिक्वेस्ट-चेकसम-कॅल्क्युलेशन ‘व्हेन-रिक्वायर्ड’ करून वाट काढली. सगळं लक्ष त्यात गेलं.

मग दुरुस्ती-पावत्यांचं काम आलं. चुकीच्या वजनाची पावती बदलायची, पण आपण वाचली तीच प्रत अजून तिथे असेल तरच. त्यासाठी पुट-ऑब्जेक्टमध्ये इफ-मॅच लागतं, आणि एस-थ्रीने ते नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलं होतं. नव्या बोटोकोअरमध्ये ते असायलाच हवं. चालवलं तर तीच ओळखीची एरर: अनोळखी पॅरामीटर.

पिप फ्रीझमध्ये (इन्स्टॉल झालेल्या पॅकेजांच्या यादीत) आवृत्ती नवी. इमेज पुन्हा बांधली, कॅश साफ केली, तरी तेच. अर्धा दिवस गेल्यावर डिबग लॉग चालू केला आणि सर्व्हिस-२ पुढचा पाथ वाचला: आमचंच मॉडेल्स फोल्डर. ऑक्टोबरात मी आणलेली फाईल अजून रांगेत पहिली उभी होती आणि तिला इफ-मॅच माहीत नव्हतं. बोटोकोअर नवं होतं, पण त्याला मी जुनं पुस्तक वाचायला लावत होते.

आता आमच्या मॉडेल्स फोल्डरमध्ये प्रत्येक व्याख्येशेजारी एक छोटी टेक्स्ट फाईल असते: बोटोकोअरच्या कुठल्या आवृत्तीतून आणली आणि कुठल्या पॅरामीटरसाठी. सीआयमधली (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमधली) एक टेस्ट ती वाचते. इन्स्टॉल झालेलं बोटोकोअर त्या आवृत्तीइतकं किंवा तिच्या पुढचं असेल, तर टेस्ट नापास होते आणि संदेश देते: ही फाईल आता काढा. फाईल काढताना डॉकरफाईलमधली एडब्ल्यूएस-डेटा-पाथची ओळही काढायची, आणि बिल्ड सर्व्हरवर कुणी होम फोल्डरमध्ये प्रत ठेवली नाही ना, ते लॉगमधल्या पाथवरून एकदा बघून घ्यायचं.