लँडस्केपच्या मास्टर्ससाठी पोर्टफोलिओ: कमाटीबागेतलं एक काम

बी.आर्क.च्या (आर्किटेक्चरच्या पदवीच्या) पोर्टफोलिओत इमारतींचे देखणे रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेली चित्रं, भरपूर असतात. झाडं मात्र सॉफ्टवेअरमधली, एकाच मापाची हिरवी वर्तुळं. लँडस्केपला, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागांच्या रचनेच्या अभ्यासक्रमाला, अर्ज करताना हीच पानं आड येतात. जमिनीचा उतार, पाण्याची वाट आणि झाडाची वाढ तुम्हाला वाचता येते हे दाखवणारा, स्वतः मोजून केलेला एक तरी अभ्यास हवा.

वडोदऱ्यात त्यासाठी लांब जायला नको. विश्वामित्रीकाठची कमाटीबाग, म्हणजे तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात 1879 साली झालेली सयाजीबाग, आहेच. आख्खी बाग घेऊ नका. चढउतार असलेला 40 बाय 40 मीटरचा तुकडा पुरे. नदीच्या उतारावर पाण्यापर्यंत मात्र उतरायचं नाही. मगरींना पोर्टफोलिओचं कौतुक नसतं.

लेव्हल, म्हणजे बिंदूंच्या उंचीतला फरक, घ्यायला 12 मीटरची पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन मोजपट्ट्या आणि एक सोबती लागतो. दर 5 मीटरवर बिंदू धरा. खुंट्या ठोकू नका, खडूची खूण करा. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीला येत नाही आणि कंटूर (सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा) भलतीकडेच वळतात. म्हणून आधी टोकं शेजारी शेजारी धरून पाणी जुळतं का बघा. काम संपल्यावर पहिल्या बिंदूवर परत या; 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा मोजा. नकाशा 1:200 ला काढला की ए-थ्रीवर आरामात बसतो. कंटूर 25 सेंटिमीटरला, जमीन फारच सपाट असेल तर 10 ला. खरी पडताळणी पावसाळ्यात: सर थांबल्यावर अर्ध्या तासाने जाऊन डबकी नकाशावर उतरवा. ती तुमच्या खोलगट कंटूरवर पडली नाहीत तर मोजणीत घोळ आहे.

झाडाच्या खोडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजा, पर्णसंभाराचा पसारा काटकोनातल्या दोन दिशांना. वडाच्या जाड झालेल्या पारंब्या वेगळ्या नोंदवा. शास्त्रीय नाव हवंच. सेक्शनमध्ये, म्हणजे जागेच्या उभ्या छेदाच्या चित्रात, सावलीही दाखवा: इथे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जेमतेम 44 अंशांवर असतो, म्हणून सावली जवळपास झाडाच्या उंचीएवढी पडते, जूनमध्ये ती बुंध्याशीच गोळा होते. बाक कुठे ठेवायचा, याचं उत्तर त्यातच मिळतं. सेक्शनमधली उंची ताणून काढली असेल तर किती पट, ते खाली लिहा.

आता प्रवेशाचं. दिल्ली आणि भोपाळच्या एसपीएला (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) सीसीएमटीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, जाताना गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअरच चालतो, तो 3 वर्षं धरला जातो. पेपर ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’चा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची प्रक्रिया स्वतंत्र, तिथे आणि परदेशात हे मोजलेलं काम उपयोगी पडतं. गेटचे फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, त्यामुळे लेव्हल मे महिन्यातच उरकून घ्या.