वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मेडिकल अलर्ट ब्रेसलेट कसे निवडावे, त्यावर काय कोरावे आणि ते कसे वापरावे

दुर्बिणीतून केलेल्या वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची बाहेरून दिसणारी खूण म्हणजे पोटावरच्या पाच-सहा लहान रेघा, आणि काही महिन्यांत त्या इतक्या फिकट होतात की घाईत तपासणाऱ्याच्या नजरेस पडतीलच असे नाही. तोवर वजनही बरेच उतरलेले असते. त्यामुळे ज्याच्या जठराचा मोठा भाग काढून टाकला आहे किंवा ज्याच्या आतड्याची वाट बदललेली आहे असा माणूस बेशुद्धावस्थेत आपत्कालीन विभागात आला, तर समोरच्या डॉक्टरांना तशी शंका यावी असे काहीच दिसत नाही. शुद्धीवर असलेला रुग्ण हे स्वतः सांगू शकतो. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने हे सांगण्याचे काम मनगटावरची किंवा गळ्यातली कोरलेली पट्टी करते.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात टरलॉक येथे डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीला धनुर्वातविरोधी प्रतिविषाची जीवघेणी रिॲक्शन आली होती; त्या अनुभवातून त्यांनी १९५६ साली मेडिकअलर्ट फाउंडेशन स्थापन केले. ॲलर्जी, मधुमेह आणि अपस्मार यांच्यासाठी अशा पट्ट्या वापरणे आता सर्वपरिचित आहे. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र ती घालावी हे अनेकांना सुचत नाही, कारण आपण आजारी नसून उलट पूर्वीपेक्षा बरे झालो आहोत अशी त्यांची भावना असते.

पहिली पायरी: शस्त्रक्रियेचे नेमके नाव मिळवा

‘वजनाचे ऑपरेशन झाले आहे’ एवढ्याने डॉक्टरांचे काम भागत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून उरलेल्या भागाची अरुंद नळी केलेली असते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम १५ ते ३० मिलिलिटरची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात, आणि बाकीचे जठर पोटातच, पण अन्नमार्गाच्या बाहेर राहते. मिनी बायपास आणि ड्युओडेनल स्विच यांची रचना आणखी वेगळी. बँडमध्ये जठराभोवती फुगवता येणारे कडे बसवलेले असते आणि त्याचे पोर्ट, म्हणजे त्यात द्रव भरण्या-काढण्याची छोटी डबी, पोटाच्या त्वचेखाली असते. बँड घसरला किंवा वाट अडली, तर त्या पोर्टमधून द्रव काढून कडे सैल करणे हा पहिला उपाय ठरू शकतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले नाव शब्दशः उतरवून घ्या, शस्त्रक्रियेचे वर्ष टिपून ठेवा आणि पुढच्या तपासणीच्या वेळी आपल्या सर्जनना एकच प्रश्न विचारा: ‘मला बोलता येत नसताना माझ्यावर काय करू नये?’ पट्टीवरचा बहुतेक मजकूर त्या उत्तरातून मिळतो.

बायपास, मिनी बायपास किंवा ड्युओडेनल स्विच झालेल्या प्रत्येकाने पट्टी घालावी असे माझे मत आहे. स्लीव्ह झालेल्यांनी सर्जनच्या सल्ल्याने ठरवावे. सोबत मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर प्रश्नच उरत नाही.

दुसरी पायरी: मजकूर ठरवा

या कामात सर्वाधिक विचार इथे लागतो आणि चुकाही इथेच होतात. छोट्या पट्टीवर जेमतेम पाच-सहा ओळी मावतात, आणि लोक त्यात ‘बेरिॲट्रिक पेशंट’ (म्हणजे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा रुग्ण), रक्तगट, जन्मतारीख, सर्जनचे नाव असे सगळे कोंबतात. रक्तगट तर वाया गेलेली ओळ आहे, कारण पट्टीवर लिहिले आहे म्हणून कोणीही तपासणी न करता त्या गटाचे रक्त देत नाही. अनोळखी माणसाला पहिल्या काही सेकंदांत उपयोगी पडेल तेवढेच कोरायचे असते, आणि त्यात ‘काय करू नये’ याला पहिला मान द्यायचा असतो.

बायपासनंतर सहसा दोन गोष्टी टाळायच्या असतात. पहिली म्हणजे एनएसएआयडी गटातील वेदनाशामके: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, कीटोरोलॅक इत्यादी. जठराची पिशवी आणि आतडे जिथे जोडलेले असतात तिथल्या आतड्याच्या अस्तराला आम्लाची सवय नसते. त्यात ही औषधे अस्तराचे नैसर्गिक संरक्षण कमी करतात, आणि जोडाजवळ व्रण होऊन त्यातून रक्तस्राव होण्याचा किंवा भोक पडण्याचा धोका वाढतो. गोळीऐवजी इंजेक्शन दिले म्हणजे पोट वाचले, असेही नाही. औषध रक्तातून तोच परिणाम घडवते. अपघातातल्या जखमी माणसाला वेदना थांबवण्यासाठी असे इंजेक्शन देणे अगदी स्वाभाविक असल्यामुळे ही सूचना पट्टीवर हवीच.

दुसरी गोष्ट म्हणजे नाकातून जठरात घालायची नळी. एरवी ती अंदाजाने पुढे सरकवली जाते आणि सहसा काही बिघडत नाही, कारण जठरात जागा मोठी असते. बायपासनंतर तीच नळी इवल्याशा पिशवीत शिरून जोडावर किंवा आतड्याच्या भिंतीवर टेकते आणि जोर दिल्यास तिथे भोक पडू शकते. शिवाय वेगळे ठेवलेले जुने जठर फुगले असेल, तर नाकातून घातलेली नळी तिथपर्यंत पोहोचतच नाही. नळी घालणे अटळ असेल, तर ती एक्स-रेच्या पडद्यावर किंवा एंडोस्कोपीने पाहत घालावी, हा ‘नो ब्लाइंड एनजी ट्यूब’ या चार शब्दांचा अर्थ, आणि प्रशिक्षित माणसाला तो लगेच कळतो.

बायपास झालेल्या व्यक्तीच्या पट्टीवरचा मजकूर साधारण असा होईल:

पूर्ण नाव
गॅस्ट्रिक बायपास २०२३
नो एनएसएआयडी
नो ब्लाइंड एनजी ट्यूब
आपत्कालीन फोन क्रमांक

वाचकाच्या सोयीसाठी तो इथे देवनागरीत दिला आहे. प्रत्यक्षात आपण राहतो तिथले रुग्णवाहिकेतील कर्मचारी आणि डॉक्टर ज्या भाषेत व लिपीत वैद्यकीय नोंदी करतात, तीच पट्टीवर असावी. फोन क्रमांकाच्या आधी देशाचा कोड घातला की परदेश प्रवासातही तो चालतो.

‘एनएसएआयडी ॲलर्जी’ असे मात्र कोरू नका. ही ॲलर्जी नाही, आणि तसे लिहिल्याने डॉक्टर भलत्याच दिशेने विचार करू लागतात. ॲस्पिरिनबाबतही सर्जन किंवा हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारून घ्या. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिनची एक मात्रा जीव वाचवू शकते, त्यामुळे ‘ॲस्पिरिन नको’ हे शब्द डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पट्टीवर घालणे योग्य नाही.

खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी रक्तातील साखर अचानक उतरण्याचा त्रास बायपासनंतर काहींना होतो. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते, चाल डगमगते आणि पाहणाऱ्याला वाटते की हा माणूस दारू प्यायला आहे. तुमच्या बाबतीत हे निदान झालेले असेल, तर ‘लो शुगर’ एवढे शब्द जोडा. फक्त शंका असेल तर जोडू नका. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे आणि खरीखुरी औषध-ॲलर्जी यांना जागा द्यावीच लागते, मग त्यासाठी पट्टीची मागची बाजूही वापरावी.

तिसरी पायरी: बाकीचे कार्डावर लिहा

पट्टीत न मावणारे सगळे पाकिटातल्या कार्डावर जाते: सर्जनचे नाव व फोन, चालू औषधे, जीवनसत्त्वांच्या मात्रा. त्यावर आणखी दोन वाक्ये अवश्य असावीत. एक: अनेक दिवस उलट्या होत असतील, तर शिरेतून ग्लुकोज देण्यापूर्वी थायामिन, म्हणजे बी १ जीवनसत्त्व, द्यावे. शरीरातला याचा साठा अवघ्या काही आठवड्यांचा असतो, आणि तो रिता असताना नुसते ग्लुकोज दिल्यास मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. दोन: बायपासनंतर पोटात तीव्र कळ आली तर सीटी स्कॅन निर्दोष दिसला तरी आतडे आतल्या फटीत अडकलेले असू शकते, म्हणून बेरिॲट्रिक सर्जनशी बोलावे. हाच मजकूर मोबाइलमधील आपत्कालीन वैद्यकीय माहितीच्या रकान्यात भरून ठेवा. तशी सेटिंग चालू ठेवली, तर फोन लॉक असतानाही तो उघडता येतो. क्यूआर कोड असलेल्या पट्ट्याही मिळतात, पण स्कॅन करायला चालू फोन लागतो आणि बहुधा नेटवर्कही. महत्त्वाचे शब्द उघड्या डोळ्यांना वाचता आलेच पाहिजेत.

चौथी पायरी: माप आणि धातू

इतर रुग्णांना न येणारी एक अडचण इथे येते. पहिल्या वर्षात वजन झपाट्याने उतरते आणि त्याबरोबर मनगटही बारीक होते. शस्त्रक्रियेच्या आठवड्यात नीट बसलेली साखळी चार-सहा महिन्यांत हाताच्या पंजावरून घसरू लागते आणि एखाद्या दिवशी साबणाच्या हातावरून निसटून मोरीत जाते. म्हणून सुरुवातीला भोके असलेला सिलिकॉनचा पट्टा किंवा कड्या काढता येतील अशी साखळी घ्या, आणि मौल्यवान धातूची हौस वजन स्थिर झाल्यावर पुरवा. माप घेताना जाड दोरा मनगटाच्या हाडाच्या किंचित वर गुंडाळा, जिथे टोके जुळतात तिथे पेनाने खूण करा, दोरा मोजपट्टीवर ताणून मोजा आणि त्यात एक सेंटिमीटर मिळवा. घातल्यावर खालून एक बोट सहज सरकले पाहिजे, दोन बोटे सरकली तर ती सैल आहे.

धातूत सर्जिकल स्टील टिकाऊ असते. निकेलने त्वचेवर पुरळ उठत असेल तर टायटॅनियम घ्या. कोरीव अक्षरे खोल आणि शक्यतो काळा रंग भरलेली असावीत. पट्टी हातात आल्यावर हात लांब करून कमी उजेडात वाचून पाहा. स्वतःला वाचता आली नाही, तर धावत्या रुग्णवाहिकेतल्या माणसाला ती कशी वाचता येईल?

पाचवी पायरी: ती दिसेल अशी घाला

मदतीला आलेला माणूस नाडी पाहायला मनगट हातात घेतो किंवा मानेच्या बाजूला बोटे ठेवतो. म्हणून पट्टीची जागा मनगट किंवा गळा हीच. पायातल्या साखळीकडे किंवा अंगठीकडे कोणी पाहील याची खात्री नाही. पट्टीवर सहा पाकळ्यांच्या ताऱ्यात काठीला वेटोळे घातलेला साप, हे वैद्यकीय चिन्ह ठळक असावे. ते नसेल तर नाजूक, दागिन्यासारखी पट्टी दागिना समजूनच दुर्लक्षिली जाते. यंत्रावर काम करणाऱ्यांनी साखळीऐवजी घट्ट बसणारा पट्टा वापरावा.

शस्त्रक्रिया झाल्याचे पुष्कळ लोक कोणाला सांगत नाहीत, आणि पट्टी नको म्हणण्यामागे बहुतेकदा हेच कारण असते. त्यावर उपाय सोपा आहे: पुढच्या बाजूला फक्त चिन्ह ठेवायचे आणि सगळा मजकूर मागे, त्वचेला टेकणाऱ्या बाजूला कोरायचा. चारचौघांत कोणी विचारलेच तर ‘औषधांची नोंद आहे’ एवढे उत्तर पुरते. मात्र पट्टीवर ज्याचा फोन क्रमांक आहे, त्या व्यक्तीपासून शस्त्रक्रिया लपवलेली असेल, तर तो क्रमांक निरुपयोगी आहे. ज्याला सगळे ठाऊक आहे आणि जो रात्री फोन उचलतो अशाच माणसाचा क्रमांक द्या, आणि त्याला तसे आधी विचारा.

सहावी पायरी: सांभाळ आणि बदल

पट्टी झोपताना आणि आंघोळीतही हातातच राहू द्या. काढून ठेवलेली पट्टी परत घालायची राहून जाते. एमआरआयसाठी मात्र ती काढावीच लागते, तेव्हा ती कपड्यांत न ठेवता सोबतच्या माणसाच्या हातात द्या. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने अक्षरांतला मळ काढा.

जीवनसत्त्वांची वार्षिक रक्ततपासणी होते त्याच दिवशी पट्टीवरची प्रत्येक ओळ वाचा. फोन क्रमांक बदललेला असतो, एखादे औषध बंद झालेले असते. स्लीव्हचा पुढे बायपास केला गेला किंवा बँड काढून टाकला, तर नवीन पट्टी रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच मागवा आणि ती येईपर्यंत कार्डावर नवी नोंद ठेवा. जुनी पट्टी कपाटात आठवण म्हणून ठेवू नका. ती कात्रीने किंवा पक्कडीने मोडून टाका, म्हणजे एखाद्या सकाळी घाईत चुकून तीच हातात चढणार नाही.