कॉमिक्सवाल्यांना पत्र लिहायचं तर

कॉमिक्स काढायची किंवा त्यांचा अभ्यास करायची इच्छा असलेले नवे लोक विचारतात, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्याचं काम वाचून रात्री झोप लागली नाही, त्याला पत्र लिहा. मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या लेखकाला नाही. जो स्वतःच चित्रं काढतो, स्वतःच झेरॉक्स काढतो, स्वतःच पिना मारतो आणि पाकिटावर तुमचा पत्ताही स्वतःच लिहितो, अशा माणसाला. तुमचं पत्र उघडणारे हात आणि ते पान काढणारे हात एकच असतात. इतकं जवळचं नातं छापील दुनियेत दुसरीकडे मला मिळालं नाही, आणि जे काही कॉमिक्स मला कळतं त्यातलं बरंचसं या पत्रांतूनच कळलं.

एक उदाहरण सांगते. एका चित्रकर्तीच्या छोट्या अंकात शेवटच्या पानावर आई आणि मुलगी स्वयंपाकघरात उभ्या आहेत, आणि पानभर एकही संवाद नाही. संवादांचे फुगे का नाहीत, एवढंच मी तिला पत्रात विचारलं होतं. उत्तरात तिने त्याच पानाच्या जुन्या रूपाची झेरॉक्स पाठवली. त्यात दोन फुगे होते, आणि नंतर त्यांच्यावर पांढऱ्या कागदाचे तुकडे चिकटवून तिने ते झाकून टाकले होते. दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली. फुगे असताना माझी नजर आधी अक्षरांकडे जायची आणि तिथूनच पान उलटलं जायचं. ते गेल्यावर नजर आईच्या हातांवर थांबली, पिळून ठेवलेल्या फडक्यावर थांबली. चौकटीत नजर कशी फिरते यावर कितीही वाचलं असतं, तरी ते इतकं स्वच्छ दिसलं नसतं.

ही पत्रांची परंपरा जुनी आहे. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट क्रम्बने १९५८ मध्ये, शाळकरी वयात, भाऊ चार्ल्सबरोबर ‘फू’ नावाचा अंक स्वतः छापला. त्याच सुमारास अशाच वेडाच्या दूरच्या मित्रांना तो लांबलचक पत्रं लिहू लागला. ती पत्रं पुढे पुस्तकरूपानेही आली. त्याला नाव मिळवून देणाऱ्या ‘झॅप’ या कॉमिक्सचा पहिला अंक १९६८ चा, म्हणजे त्याच्या आधी दहा वर्षं टपालातून हात आणि विचार घडत होते. व्यंगचित्रकार-संपादक हार्वी कर्ट्झमनने आपल्या ‘हेल्प!’ मासिकात क्रम्ब, गिल्बर्ट शेल्टन, जे लिंच, स्किप विल्यमसन अशा पोरसवदा चित्रकारांना जागा दिली आणि पुढे अंडरग्राउंड कॉमिक्स, म्हणजे मोठ्या प्रकाशकांच्या चौकटीबाहेरची बंडखोर कॉमिक्स, उभी केली ती याच मंडळींनी. १९८२ मध्ये माइक गंडरलॉयने ‘फॅक्टशीट फाइव्ह’ सुरू केलं. त्यात घरगुती अंकांची परीक्षणं असायची, आणि खाली किंमत, पत्ता, शिवाय अंकाच्या बदल्यात अंक चालेल की नाही तेही. तो पत्ता हेच आमंत्रण असे. चित्रकार जॉन पोर्सेलिनोचं स्वतः काढलेलं ‘किंग-कॅट’ १९८९ पासून निघतं आहे आणि त्यात वाचकांची पत्रं हा अंकाचाच भाग असतो.

आता प्रत्यक्ष लिहायचं कसं. पत्र एका पानाचं असावं आणि एकाच पानाबद्दल असावं. ‘तुमचं सगळंच काम भन्नाट आहे’ या वाक्यावर समोरच्याला काय लिहावं ते सुचत नाही. ‘सातव्या पानावर पाऊस फक्त डाव्या चौकटीत आहे, तो मला फार आवडला’ यावर मात्र तो दोन पानं लिहितो. प्रश्न एकच विचारा, आणि तोही कामाविषयी. कोणती निब, कोणता कागद, हेही चालतं. कारागिराला हत्यारांबद्दल बोलायला आवडतं. पहिल्याच पत्रात आपली शंभर पानांची संहिता अभिप्रायासाठी जोडू नये. तो माणूस बहुधा नोकरी सांभाळून रात्री चित्रं काढतो. कॉमिक्सलेखक हार्वी पीकरने १९७६ पासून ‘अमेरिकन स्प्लेंडर’ हे आपलं कॉमिक्स स्वतःच्या पैशाने काढलं, ते क्लीव्हलँडच्या सरकारी इस्पितळात फाइलींची कारकुनी करत.

अंक विकत घ्या. पूर्ण किंमत आणि टपालखर्च द्या. अदलाबदल चालेल असं त्यानेच म्हटलं असेल तर आपला अंक पाठवा, आणि हाताशी अंक नसेल तर एक तयार करा. एका कागदाला तीन घड्या घालून, मधोमध एक चीर देऊन आठ पानांची पुस्तिका होते, पिनही लागत नाही. वजन नगण्य, त्यामुळे टपालही स्वस्त. उत्तरासाठी पूर्वी स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत घालायची रीत होती. परदेशी पत्रासाठी १९०६ च्या रोम टपाल परिषदेत ठरलेलं इंटरनॅशनल रिप्लाय कूपन असायचं, ते देऊन समोरच्याला त्याच्या देशात उत्तराचं तिकीट मिळे. अमेरिकेच्या टपालखात्याने त्याची विक्री २०१३ मध्ये थांबवली. आता त्यांच्या अंकाची आगाऊ मागणी आणि पैसे पाठवणं हाच सरळ मार्ग. उत्तर आठवड्यात येईल किंवा सहा महिन्यांनी. मधल्या काळात आठवण करून देणारं पत्र टाकू नये. पुढचा अंक निघाला की त्याबद्दल लिहावं, म्हणजे आठवण आपोआप होते.

सगळ्यात नाजूक भाग आत्मकथनपर कॉमिक्सचा. १९७२ मध्ये अमेरिकन चित्रकार जस्टिन ग्रीनने स्वतःच्या मनातली पछाडणारी भीती कागदावर आणली, तेव्हापासून ही वाट रुळली. कॅनडाच्या ज्युली डूसेने १९८८ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये झेरॉक्सवर सुरू केलेल्या ‘डर्टी प्लॉट’मध्ये आपली स्वप्नं, रक्त, भांडणं उघडी मांडली; २०२२ मध्ये तिला फ्रान्समधल्या आंगुलेम कॉमिक्स महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान, ग्रां प्री, मिळाला. असं काम वाचलं की माणूस आपल्या ओळखीचा झाला असं वाटतं. त्याचा आजार, त्याची आई, त्याचा घटस्फोट तुम्हाला माहीत असतो. त्याला मात्र तुमचं नावही माहीत नसतं. म्हणून जेवढं पानावर आहे तेवढ्यावरच बोला. ‘नंतर त्या मैत्रिणीचं काय झालं?’ हे विचारायचं नाही, चित्रकाराने स्वतः सांगितलं तर ऐकायचं. आणि त्याचा पत्ता कोणालाही, अगदी तुमच्यासारख्याच चाहत्यालासुद्धा, त्याला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. याबाबत मी फार कडक आहे.

अभ्यास करायचा असेल तर आलेलं पत्र पाकिटासकट जपा. पोस्टाच्या शिक्क्यावरून तारीख कळते, कारण पत्रावर तारीख घालायची या मंडळींना सवय नसते. पाकिटावरही अनेकदा चित्र असतं. लोखंडी पिना आणि टाचण्या पत्रांतून काढून टाका, गंजाचा डाग कागद खातो. अंकाची शिलाई मात्र तशीच राहू द्या, तो त्या वस्तूचा भाग आहे. आपण पाठवलेल्या पत्राचीही प्रत ठेवा, नाहीतर उत्तर कशाचं आहे ते दहा वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही. अभ्यासासाठी अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांत कॉमिक्सचे मोठे संग्रहही आहेत.

एक कायदेशीर गोष्ट नव्यांना ठाऊक नसते. पत्राचा कागद तुमचा, पण त्यातल्या मजकुराचा आणि चित्रांचा हक्क लिहिणाऱ्याचाच. प्रबंधात किंवा लेखात ते पत्र छापायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. बहुतेक जण आनंदाने देतात. कोणी एखादा परिच्छेद गाळा म्हणालं, तर कारण न विचारता तो गाळावा.