‘चालू होत नाही’ म्हणजे नेमकं काय?

आयटीआयमध्ये हार्डवेअरचा ट्रेड करून मी रत्नागिरीतल्या एका रिपेअरिंगच्या दुकानात लागले आणि पहिल्याच महिन्यात एका कॉम्प्युटरचा धडधाकट बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, मेला म्हणून जाहीर करून बसले. एका निवृत्त मास्तरांचा जुना डेस्कटॉप होता, जी३१ चिपसेट, डीडीआर२ रॅम. बटण दाबलं तर ना पंखा, ना लाइट. मी केबल बदलली, दुकानातला एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, लावून बघितला, रॅम काढून घातली. शेवटी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "सर, बोर्ड गेलाय." मास्तरांचा चेहरा पडला.

तेवढ्यात दादा, म्हणजे दुकानाचे मालक, जेवून आले. त्यांनी कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर बोर्डावरून उपटली आणि ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा घुर्रकन फिरला. गेलं होतं ते बटण! दादांनी रीसेटच्या बटणाची वायर काढून त्या दोन पिनांवर चढवली आणि म्हणाले, "मास्तर, आजपासून हे छोटं बटण दाबायचं." मला त्यांनी एवढंच विचारलं, "काही मोजलंस का गं?" मी काहीच मोजलं नव्हतं, नुसती बदलाबदल केली होती.

या लाइनीत नव्याने येणाऱ्यांनी पहिल्यांदा गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायला शिकावं. मशीन पूर्ण मेलेलं असो, पंखा एक गरका मारून थांबत असो की सगळं फिरतंय पण स्क्रीन काळी असो, माणूस सांगताना ‘चालू होत नाही’ असंच सांगतो. तिसऱ्या प्रकारात एसएमपीएसच्या मागे लागू नका. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासा, अर्धी मशीन्स तिथेच उठतात. प्रोसेसरजवळचा चार पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर बसलाय ना तेही बघा. साफसफाई करताना तो निघतो आणि लावायचा राहतो.

मशीन साफ मेलेलं असेल तर भिंतीपासून आत या. भिंतीवरच्या स्विचबोर्डात टेबल लॅम्प लावून बघा, एक्स्टेन्शनचं बटण बघा, एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच बघा. कुणीतरी झाडू मारताना तो बंद केलेला असतो, हसू नका. जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० असा लाल सरकता स्विच असतो. तो ११५ वर सरकला आणि आपल्याकडची वीज दिली, की आतून ‘फट्’ आवाज येतो आणि पुढचं निदान सोपं होतं.

आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, २० व्होल्ट डीसीवर. त्याची काळी प्रोब, म्हणजे टोकदार काडी, बोर्डाच्या मोठ्या कनेक्टरमधल्या काळ्या वायरीत मागून खुपसा, लाल प्रोब जांभळ्या वायरीत. कॉम्प्युटर बंद असला तरी मेन्स, म्हणजे भिंतीतली वीज, चालू असताना इथे ५ व्होल्ट हवेतच, ४.७५ ते ५.२५ पर्यंत चालतात. कारण बटण थेट वीज सोडत नाही, ते फक्त बोर्डाला इशारा करतं, आणि तो इशारा ऐकायला बोर्ड या ५ व्होल्टवर जागा असतो. जांभळीवर शून्य असेल तर बटण कितीही दाबा, ऐकणारंच कुणी नाही.

जांभळी ठीक असेल तर मेन्स बंद करून कनेक्टर बोर्डातून काढा. हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडा, एखादी जुनी हार्ड डिस्क लोड म्हणून, म्हणजे वीज खायला काहीतरी हवं म्हणून, लावा, मग मेन्स द्या. पंखा फिरला की पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ मोजा. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. सगळं बरोबर आलं तर संशय बोर्डावर किंवा बटणावर. बोर्डावर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या उभ्या डब्या, आडव्या नजरेने बघा, डोकं सपाट हवं. पापडासारखं फुगलेलं किंवा वर तपकिरी खपली असेल तर शोध संपला. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांना तर ही साथच होती.

एसएमपीएसचं झाकण मात्र नवशिक्यांनी उघडू नये. २३० व्होल्ट एसी आत डीसी होऊन ३०० च्या वर जातात आणि वायर काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये बसून राहू शकतात. कोकणात आणखी एक भानगड म्हणजे पाल. उबेला आत शिरते आणि स्वतःबरोबर एसएमपीएसही घेऊन जाते. जळका वास आला की मी आधी जाळीतून टॉर्च मारते.

आणि पैसे. त्या दिवशी मास्तरांनी विचारलंच, "एवढुशा वायरीचे काय घेणार?" दादांनी तपासणीचे ठरलेले पैसे घेतले, एसएमपीएस लावून बघितला त्याचे घेतले नाहीत. "तो हिचा शिकण्याचा खर्च," म्हणाले. मी तेव्हा भंगारातल्या कॅबिनेटचं एक बटण वायरीसकट कापून घेतलं. ते अजून माझ्या बॅगेत आहे. मेलेलं मशीन समोर आलं की मल्टिमीटरच्या आधी तेच बाहेर निघतं.