महापूर येण्याआधी गल्लीचं मदत पथक कसं उभारावं

पावसाळ्यात सांगलीत एकच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी असतो : आयर्विनला किती फूट? आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, तिथल्या पाण्याच्या पातळीवरून सांगलीचा पूर मोजतात. 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आकडा 57 च्या वर गेला, 2021 च्या जुलैत 54 च्या आसपास. दोन्ही वेळा पाण्यात उतरायला पोरं तयार होती. पण कुठल्या घरात कोण राहिलंय, हे विचारत फिरण्यातच आमचा बराच वेळ गेला. ते काम मे महिन्यात झालं असतं, तर एवढी धावपळ पडली नसती. म्हणून सुरुवात मे महिन्यापासूनच करा.

माणसं जमवा. गल्लीचं गणेश मंडळ किंवा तालीम असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. पंधरा-वीस जण पुरेत आणि सगळ्यांना पोहता यायलाच हवं असंही नाही. बचत गटातल्या बायकांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाची सासू अंथरुणाला खिळलीय, हे त्यांना जितकं ठाऊक असतं तितकं आपल्याला नसतं.

घरोघरी जाऊन यादी करा. सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. यादी वहीत लिहा, कारण पुरात वीज जाते आणि मोबाईल बंद पडतात. प्रत्येक घराचं एक पान : माणसं किती, जिना कोणाला चढता येत नाही, गरोदर बाईचा कितवा महिना, डायलिसिस किंवा इन्सुलिन कोणाला लागतं, जनावरं किती, घर सोडायची वेळ आली तर कुठं जाणार आणि गावाबाहेरच्या एका नातेवाइकाचा नंबर. भाडेकरू, कॉट बेसिसवर राहणारी पोरं, बांधकामावरचा वॉचमन हे हमखास सुटतात, त्यांच्या दारात मुद्दाम जा. आजारपणाची माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. लोकांनी ती विश्वासानं सांगितलेली असते.

आता प्रत्येक पानावर फूट लिहा. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागातल्या जुन्या माणसांना विचारा, "आयर्विनला किती झालं की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं?" ते झटक्यात सांगतील. त्या आकड्याच्या तीन फूट आधी ते घर रिकामं करायचं, असं ठरवून टाका. अंथरुणावरचं माणूस असेल तर त्याहूनही आधी. पाणी चढायला लागल्यावर "अजून थोडं बघू" म्हणणाऱ्याशी वाद घालायला वेळ नसतो, मे महिन्यात तो भरपूर असतो.

भिलवडी, ब्रह्मनाळसारख्या गावांत आयर्विनच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. तिथं आपली खूण ठरवा, घाटाची एखादी पायरी किंवा देवळाचा कट्टा. आणि डोक्यावरचं आभाळ बघून अंदाज बांधू नका. कोयना कराडात कृष्णेला मिळते, येरळा ब्रह्मनाळला, वारणा हरिपूरला. सांगलीत ऊन पडलेलं असताना पाणी चढलेलं आपण पाहिलंय. कोयना धरणातून किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलं, ते रोज पाहायची जबाबदारी एकाच माणसाकडं द्या आणि बाकीच्यांनी त्याच्याशिवाय कोणाचेही मेसेज पुढं पाठवू नयेत.

यादीची प्रत प्रशासनाला द्या. गावात तलाठी आणि ग्रामसेवक, शहरात महापालिकेचं प्रभाग कार्यालय. निवारा कुठल्या शाळेत होणार आणि बोट कोण देणार, हे तेव्हाच विचारून घ्या. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077, पोलिसांचा 112 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

बोटीचे नियम आधीच ठरवा. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळमध्ये सुटकेसाठी निघालेली बोट उलटली आणि गावानं आपली माणसं गमावली. बोटीत पेलवेल त्याहून जास्त माणसं होती. तो दिवस आठवला की आजही पोटात गोळा येतो. म्हणून काठावर एक माणूस फक्त मोजायला उभा करा. तो "बस्स" म्हणाला की सरपंचसुद्धा पुढच्या फेरीला थांबेल. लाइफ जॅकेट नाही तर बोटीत पाय नाही. वाहत्या पाण्यात बोट शिकलेल्या माणसानंच चालवायची. आपली पोरं दोर धरायला, म्हाताऱ्यांना उचलून आणायला आणि वाट दाखवायला.

जनावरांची सोय आधी लावा. घर सोडत नाही म्हणणाऱ्याच्या गोठ्यात बहुतेक वेळा म्हैस बांधलेली असते. तिच्यासाठी उंचावरचं रान किंवा पै-पाहुण्यांचा गोठा आधी ठरवा आणि चार दिवसांची वैरण तिथं टाकून ठेवा. म्हैस हलली की मालक आपोआप निघतो. अगदीच वेळ नसेल तर दावं सोडा. बांधलेल्या जनावराला पोहायची संधीच मिळत नाही.

निवाऱ्यात जेवण कमी पडत नाही, सांगलीकर भाकरी पोहोचवतातच. कमी पडतात त्या चादरी, सॅनिटरी पॅड, बीपी-शुगरच्या गोळ्या आणि लहान मुलांचं दूध. जुने कपडे नकोत, हे देणाऱ्यांना स्पष्ट सांगा.

पाणी ओसरल्यावर पंचनाम्यासाठी घराचे फोटो आधी काढा, मगच गाळाला हात लावा. वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. गाळ ओला असतानाच ओढून काढा, एकदा वाळला की कुदळीलाही दाद देत नाही. गमबूट आणि हातमोजे घाला, अडगळीत साप असतात, आधी काठीनं चाचपा. गाळात काम केलेल्या कोणालाही ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. विहिरीचं पाणी जलसुरक्षकानं (ग्रामपंचायतीचा पाणी तपासणारा माणूस) टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उतरलंय का याची तपासणी, केल्याशिवाय प्यायचं नाही.

शेवटी लाइफ जॅकेट धुऊन सावलीत वाळवा. मंडळाच्या भिंतीवर पाणी जिथवर आलं तिथं रंगानं रेघ मारा, शेजारी तारीख आणि त्या दिवशीचे आयर्विनचे फूट लिहा. मग वही उघडा आणि ज्या पानांवरचे आकडे चुकले, ते त्याच आठवड्यात दुरुस्त करा.