डाळिंबाची गुटी बांधताना साल कोठवर काढावी

डाळिंबाची नवी बाग गुटी कलमाच्या रोपांनी लावण्याची रीत सोलापूर, नाशिक या भागांत चांगलीच रुळलेली आहे. गुटी म्हणजे फांदी झाडावरच असताना तिची थोडी साल काढून तेथे मुळे फोडून घेणे आणि मग ती तोडून रोप म्हणून लावणे. हे कलम घरच्या झाडावरही बांधता येते. मात्र खोडाच्या कोणत्या थरातून काय वाहते हे समजून घेतल्याशिवाय चाकू हाती घेऊ नये, कारण गुटी बहुधा तेथेच फसते.

मुळांनी शोषलेले पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार लाकडातील जलवाहिन्यांतून वर चढतात. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे हे पाणी सतत वर ओढले जाते. पानांत तयार झालेली साखर मात्र सालीच्या आतल्या बाजूच्या रसवाहिन्यांतून मुळांकडे उतरते. या दोहोंच्या मधे ऊतककर नावाचा अतिशय पातळ, जिवंत थर असतो. तो आतल्या बाजूस नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूस नव्या रसवाहिन्या घडवतो व त्यामुळे खोड जाड होते. (उंची शेंड्याकडेच वाढते, म्हणून बुंध्यात ठोकलेला खिळा झाड कितीही वाढले तरी त्याच उंचीवर राहतो.) सालीचे कडे काढले की साखर तेथेच अडते, पाणी मात्र चढत राहते. इटलीच्या मार्चेल्लो माल्पीगी यांनी 17व्या शतकात असे कडे काढून त्याच्या वरच्या बाजूस आलेली सूज नोंदवली होती. गुटीला मुळे फुटतात तीही वरच्याच कडेला.

पावसाळ्यात हवा दमट झाली की तेलकट डाग किंवा मर रोगाचा मागमूस नसलेले, भरपूर फळे देणारे मातृवृक्ष निवडावे आणि त्यांची पेन्सिलीच्या जाडीची, पक्व फांदी घ्यावी. डोळ्याच्या (फांदीवर कोंब फुटतो त्या जागेच्या) लगेच खाली दोन ते तीन सेंटिमीटर रुंदीचे सालीचे कडे अलगद सोडवावे. उघडे पडलेले लाकूड बोटाला बुळबुळीत लागते. तो बुळबुळीतपणा म्हणजेच ऊतककर. चाकूच्या बोथट बाजूने तो पूर्ण खरवडून पृष्ठभाग खरखरीत होऊ द्यावा. त्याची एखादी बारीक पट्टी जरी राहिली तरी जखमेवर नवी साल धरते, रसवाहिन्या पुन्हा जुळतात आणि मुळे फुटतच नाहीत. याउलट चाकू लाकडात खोल गेला तर जलवाहिन्या तुटून फांदी सुकते. माझ्या मते संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ येथेच द्यावा.

त्यानंतर वरच्या कडेला इंडोल ब्युटिरिक आम्लाचे, मुळे फुटण्यास मदत करणारे संजीवक वेष्टनावरील सूचनेप्रमाणे लावावे. भिजवून घट्ट पिळलेले स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारे शेवाळ) जखमेभोवती मूठभर गुंडाळावे, वरून पारदर्शक प्लास्टिक लपेटावे आणि पावसाचे पाणी आत शिरणार नाही अशा बेताने दोन्ही टोके सुतळीने आवळावीत.

साधारण दीड ते दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. ती तपकिरी होऊ लागेपर्यंत थांबावे. मग गुटीच्या खाली फांदीला अर्धा काप द्यावा आणि आठवड्याभराने ती पूर्ण तोडावी. नवी मुळे थोडी व नाजूक असतात आणि सगळ्या पानांची पाण्याची ओढ त्यांना झेपत नाही. म्हणून निम्मी पाने काढून, प्लास्टिक सोडून परंतु मॉस तसेच ठेवून रोप पिशवीत लावावे आणि नवी पालवी येईपर्यंत सावलीतच ठेवावे.